म्हसोबाच्या दगडावरची शेंदराची रेघ

हे लिहिणारच नव्हते मी. चांगुणाकाकू म्हणाली, "माह्या येडेपणाचं काय लिवतं अर्पे, दुसरं काही नाही का तुले?" दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. पण आज ग्रामपंचायतीत अनुदानाची यादी लागली आणि आता मला राहवतच नाहीये.

काकू आमच्या शेजारची, सोनाळ्याची. नाल्याकाठचं अडीच एकर एकटीच कसते. यंदा जुलैत नाला पात्र सोडून तिच्या वावरातून गेला. धुरा म्हणजे कडेचा बांध गेला, वरची काळी माती गेली, मधोमध कमरेएवढी घळ पडली. अशा खरडलेल्या जमिनीसाठी सरकारनं तातडीचं अनुदान काढलं, माती भरायला अन् बांध घालायला. फक्त आधी पंचनामा पाहिजे होता.

आणि काकूनं काय केलं? पंचनाम्याच्या आधीच घळ बुजवली! आमच्याकडे इर्जीक असते, एकाच्या वावरात सगळे आपापले बैल घेऊन फुकट राबतात. शेजारच्या वावरातल्या रंगरावकाकानं चार जोड्या जमवल्या, दोन दिवसांत वावर सपाट. नुसती रेती, पण सपाट. मी म्हटलं, "काकू, थांबायचं होतं ना!" तर म्हणे, "मेलेल्यावर पांघरूण घालाले कोणाले इचारा लागते का वं?"

मग तलाठी साहेब आले. सकाळपासून फिरून दमलेले.

"बाई, इथं तर काहीच झालं नाही. मी लिहू काय?"

"हातभर माती गेली साहेब!"

"गेलेल्या मातीचा फोटो कसा काढू?"

रंगरावकाका मधेच बोलले, "बैल आणू का साक्षीले? आठ हायेत."

"बैलाची सही चालत नाही, काका."

कोणीच हसलं नाही. अनुदान नाही तर माती नाही, अन् माती नाही तर त्या रेतीत काय पिकणार? काकू वावराच्या कोपऱ्यात मटकन बसली. मला तर रडूच फुटलं.

त्या कोपऱ्यात म्हसोबाचा दगड आहे. त्याला हात लावायचा तो फक्त आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, म्हणून इर्जिकीतही तेवढी जागा कोणी हलवली नव्हती. काकूनं बसल्या बसल्या त्याला हात जोडले आणि एकदम ओरडली, "साहेब, इकडे या बरं!"

दर आखाजीला ती त्या दगडाला शेंदूर लावते, माथ्यापासून थेट मातीपर्यंत. पस्तीस वर्षांचा थर. वर लालभडक, अन् खाली रेघ मारल्यासारखा कोरा काळा दगड. चांगला हातभर.

"इथलोक होती माही माती."

साहेबांनी आधी चप्पल काढली, मग टेप लावला. एक फूट पाच इंच. चारी बाजूंनी फोटो घेतले, रंगरावकाकाची सही घेतली.

"होईन का साहेब?"

"हाव बाई, होईन. देवच साक्षीले उभा हाय तुमचा."

आणि झालं! आजच्या यादीत काकूचं नाव आहे, मी तीनदा वाचलं. तिला सांगितलं तर डोळे पुसत म्हणते, "रडून काय राह्यली वं, चहा ठेव!"

सोमवारपासून तलावातला गाळ पडणार वावरात. माती वर चढली की ती रेघ झाकली जाईल, कायमची. म्हणून सांगते, सोनाळ्याकडे येणार असाल तर चांगुणाकाकूला भेटा. पण लवकर या. रेघ ती स्वतः दाखवते, अन् चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.