विंगेतली कुजबुज

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात टाळ्या नटाला मिळतात, पण नटाला पुढचं वाक्य सांगणारा लटारू असायचा. धान निघालं की शेतात मंडप उभे राहायचे, रात्रभर नाटक रंगायचं आणि हा गडी वही घेऊन विंगेत बसायचा. त्याची कुजबुज नटाला नेमकी पोचायची, पहिल्या रांगेतल्या म्हातारीला मात्र नाही. नट असा भाव खायचे, जणू संवाद त्यांनीच लिहिलेत!

म्हणूनच त्याचा आजार लवकर कळला नाही. चौदा वर्षांपूर्वी कानाशी कोणीतरी बोलू लागलं, तेव्हा कंपनीने दुसरा प्रॉम्प्टर ठेवला असंच त्याला वाटलं. तो मॅनेजरशी भांडलासुद्धा. पण सीझन संपला, मंडप उतरले आणि आवाज त्याच्यासोबत घरी आला. "जेवू नको, विष हाय त्याच्यात," म्हणू लागला. लटारू वाळून काटकी झाला. गावाने उतारा सांगितला. बायको केसरबाईने तोही केला आणि त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यातही नेलं. गोळ्या लागू पडायला काही महिने गेले. तोवर त्याच्या ताटातला पहिला घास रोज ती खायची, मग तो जेवायचा. पुढे आवाज गेला. रोजची गोळी राहिली आणि पहिल्या घासाची रीतही राहिली. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

यंदा राजुऱ्याचा आदेश नावाचा पोरगा दारात उभा राहिला. हा वीस-वीस मिनिटांच्या थरारक फिल्मा काढतो. नव्या फिल्ममधल्या माणसाला आवाज ऐकू येतात आणि शेवटी तो बायकोला कुऱ्हाडीने मारतो. तो आवाज त्याला लटारूच्या कुजबुजीत हवा होता.

"नाई जमत," केसरबाई आतूनच म्हणाली. "गेलेल्याले काऊन बोलावून राह्यला, बावा?"

लटारूलाही तीच भीती होती. तेच शब्द आपल्या तोंडून काढायचे आणि तो आवाज परत आला तर? पण त्याने कागद वाचले आणि भीतीपेक्षा राग मोठा झाला.

"मले हाच रोग झालता," तो म्हणाला. "मी कोणावर कुऱ्हाड नाई उचलली. मी उपाशी होतो. भेवलो होतो."

आदेशचा चेहरा पडला. "माफ करा भाऊ, मले माहीत नोयतं. मंग शेवट काय करू?"

लटारूने दाराआडच्या केसरबाईकडे पाहिलं. मग त्याने पहिल्या घासाची गोष्ट सांगितली, जन्मात पहिल्यांदा. ऐकता ऐकता आदेशने कुऱ्हाडीचं पान फाडलं.

डॉक्टरांना विचारून, गोळी न चुकवता लटारू रेकॉर्डिंगला गेला. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आदेशच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या. "जेवू नको," तो माईकजवळ कुजबुजला आणि त्याला दरदरून घाम फुटला. वाक्यं संपली. त्याने कागद मिटले आणि जीव मुठीत धरून कान दिला. काही नाही. पुन्हा कान दिला. आदेशने पुन्हा लावलेल्या पंख्याची घरघर तेवढी होती. हा आवाज त्याचा स्वतःचा होता, कागद मिटला की मिटणारा. त्याला इतकं हलकं वाटलं की तो खुर्चीतच हसत सुटला.

फिल्म गावच्या समाजमंदिरात भरदुपारी दाखवली. लोक खून बघायला दाटीवाटीने बसले होते. पडद्यावरच्या बायकोने नवऱ्याच्या ताटातला घास उचलून तोंडात घातला. शेजारच्या रुखमाबाईने डोळ्याला पदर लावला. बाहेर पडताना तिने केसरबाईचा हात धरला. "माह्या भावालेबी असंच होते वो. कोणत्या वारी जा लागते दवाखान्यात?"

संध्याकाळी केसरबाईने भात आणि लाखोळीची डाळ वाढली. लटारू सवयीने थांबला. ती मात्र आपलं ताट घेऊन समोर बसली आणि भात कालवू लागली.

"आज घास नाई घेत?" त्याने विचारलं.

"तुमचं भेव तं कवाच गेलं होतं," ती म्हणाली. "माहं जात नोयतं. आज पडद्यावर तुमचाच आवाज आयकला अन् गेलं."

लटारूचे डोळे भरून आले. चौदा वर्षांनी त्याने आपल्या ताटातला पहिला घास स्वतः घेतला.

"डाळीत मीठ नाई," तो म्हणाला.

केसरबाई खळखळून हसली आणि मिठाचा डबा आणायला उठली.