अडकणारं दार

माझा दादा सुतार आहे आणि रागीट आहे. दोन्ही गोष्टी त्याला आमच्या बापाकडून मिळाल्या. फरक एवढाच, की बाप लाकडाला जपायचा आणि आईला बडवायचा. दादा माणसांशी नीट वागतो आणि शिव्या लाकडाला घालतो. फळीने ऐकलं नाही तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

गावातल्या जुन्या हॉटेलात आम्ही दोघंही कामाला. तो दुरुस्तीला, मी चादरी-टॉवेलांवर. हॉटेल ऐतिहासिक आहे असं बाहेरच्या पाटीवर लिहिलंय. कुणी एक राजपुत्र म्हणे शिकारीला जाताना इथे उतरला होता. त्याची खुर्ची जिन्याखाली दोरी बांधून ठेवली आहे. त्या खुर्चीचे चारही पाय, बैठक, पाठ आणि उजवा हात दादाने बदललाय. "राजपुत्राचा उरलाय तो डावा हात," तो म्हणतो, "आणि त्यालाही वाळवी लागलीय."

पाहुणे फोटो बघून येतात आणि खोली बघून तोंड पाडतात. खिडकी उघडत नाही, उघडली तर मिटत नाही. नळाला आधी खोकल्याची उबळ येते, मग गंजाचं पाणी. पलंगावर कूस बदलली की शेजारच्या खोलीतला माणूस जागा होतो. दादा एकटा, खोल्या ढीगभर आणि मालक एक नंबरचा चिक्कू. वैतागलेले पाहुणे मालकाला चार शब्द सुनावतात, सकाळी सामान उचलतात आणि पुन्हा या रस्त्याला फिरकत नाहीत.

एक जोडपं मात्र दर थंडीत यायचं. नवऱ्याला आम्ही साहेब म्हणायचो. लहानपणी तो वडिलांबरोबर इथे राहिला होता आणि त्याच्या डोक्यात अजून तेच हॉटेल होतं, झुंबरांचं आणि पांढऱ्या हातमोज्यांच्या वेटरांचं. मालकापुढे तो कधी आवाज चढवायचा नाही. "नळ गळतोय तुमचा," हसून एवढंच सांगायचा, आभार मानायचा आणि वर जायचा. मग वरून आवाज यायचे.

तक्रार खाली करायची आणि वसुली वर. नळ गळला की बाईच्या थोबाडीत. खिडकी अडली की पोटात लाथ. मला कुणी सांगावं लागलं नाही, उशांचे अभ्रे मीच धुते. एकदा अभ्र्यात दात सापडला. तो तळहातावर घेऊन मी मालकाकडे गेले, तर म्हणतो, "नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडायचं? तू डाग काढ." त्याच्या त्या तुपकट तोंडावर तो दात फेकून मारावासा वाटला. अजूनही वाटतं.

मग मी दादाला सांगितलं. तो बराच वेळ रंध्याचं पातं पुसत बसला.

"नळामुळे मारलं?" त्याने विचारलं.

"नळामुळे, पलंगामुळे, कपाटाच्या बिजागरीमुळे. काहीही पुरतं मेल्याला."

"म्हणजे माझ्यामुळे," दादा म्हणाला.

त्याचं हे डोकं लहानपणीच असं घडलंय. जेवण खारट झालं की आई मार खायची, म्हणून दादा बापाच्या आधी गुपचूप सगळं चाखून बघायचा. मीठ बरोबर असलं की बाप चपला जागेवर नाहीत म्हणून मारायचा. यातून दादाने काय शिकावं? तर दुसऱ्या दिवसापासून तो चपलाही जागेवर लावू लागला.

पुढची थंडी जवळ आली तसा तो त्या खोलीत घुसला आणि बाहेर यायचं नावच घेईना. खिडक्या उतरवून नव्याने बसवल्या. पलंगाचे सांधे आवळले. नळही त्यानेच खोलला, प्लंबरचं काम मी का करतोय म्हणून शिव्या घालत. बाथरूमचं दार ओल पिऊन फुगलं होतं. आतून ओढून घेतलं की चौकटीत असं रुतायचं, की खांदा लावूनही हलायचं नाही. दादाने ते उतरवलं, कडांवर रंधा मारला, बिजागऱ्यांना तेल दिलं आणि छोटीशी पितळी कडी लावली. बोटाने ढकललं तरी दार लोण्यासारखं फिरायचं. वहिनी ते बघून म्हणाली, "घरातलं आपलं दार गेली कैक वर्षं कोकलतंय, त्याच्याकडेही बघा कधी."

साहेब आणि बाई दुपारी आले. मी टॉवेल घेऊन गेले. तो खोलीभर फिरत होता. खिडकी उघडली, उघडली. मिटली, मिटली. नळ सोडला तर स्वच्छ पाणी. कपाट, खण, दिवे, सगळं बघून झालं आणि तो पलंगाच्या काठावर बसला. पलंगाने हूं की चूं केलं नाही. तक्रारीला काही उरलं नाही तसा त्याचा चेहरा काळवंडत गेला. दादा मात्र बाहेर व्हरांड्यात उभा राहून कान देऊन ऐकत होता आणि पहिलं बक्षीस मिळाल्यासारखा हसत होता.

मी दार ओढून घेत होते तेव्हा बाई म्हणाली, "या वेळी खोली किती छान आहे, नाही?"

"म्हणजे इतकी वर्षं मी खोटं बोलत होतो?" तो म्हणाला.

मग धाड धाड आवाज झाले. खुर्ची पडली. धावणारी पावलं, कडीचा खटका, आणि मग एक लाथ. एकच. कडी फरशीवर टणकन पडल्याचं आम्हाला बाहेर ऐकू आलं. त्यानंतर बाई जी ओरडली, तसं मी माणसाला ओरडताना ऐकलेलं नाही.

दादाने खोलीचं दार खांद्याने फोडलं. बाथरूममध्ये साहेबाने तिचे केस मुठीत धरले होते आणि तिचं तोंड बेसिनच्या काठावर आपटत होता. शांतपणे, खिळा ठोकावा तसा. दादाने लाकडी हातोडा त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. केस सुटले. दादाने कोपरावर घातला. साहेब खाली कोसळला तरी दादा मारतच राहिला, खांद्यावर, बरगड्यांवर, आणि प्रत्येक घावाला "नळ! खिडकी! पलंग!" असं ओरडत होता. मी त्याच्या पाठीला लोंबकळले नसते तर त्याने तिथेच त्याचा भुगा केला असता. आणि खरं सांगू? मी जरा उशिराच लोंबकळले.

मालक धापा टाकत आला आणि पहिल्यांदा ओरडला, "अरे, बेसिन फुटलं!"

हॉस्पिटलात पोलीस आले. दादा भिंतीशी उभा होता, आता आत जायचं हे धरूनच. बाईचा ओठ फाटलेला, समोरचे दात गेलेले, एक डोळा मिटलेला. पोलिसाने विचारलं, काय झालं? ती बोबड्या आवाजात, पण न अडखळता म्हणाली, "बाथरूममध्ये पाय घसरला. हे मला धरायला गेले आणि तेही पडले. फार निसरडं आहे हो ते हॉटेल." आयुष्यभर नवऱ्यासाठी घोटलेलं खोटं तिने पहिल्यांदाच दुसऱ्या कुणासाठी वापरलं. एका सुताराने आपल्याला धुतलं हे कबूल करण्यापेक्षा साहेबालाही पाय घसरणंच बरं वाटलं असावं. त्याने मान हलवली.

पोलीस गेल्यावर तिने दादाला जवळ बोलावलं. "ते दार तुम्ही नीट केलंत?"

"हो."

"का केलंत?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"तेवढंच तर दार होतं," ती म्हणाली. "आतून ओढून घेतलं की उघडायचं नाही. हे शांत होईपर्यंत मी तिथे बसायचे. वर्षातून एकदा."

दादाचं तोंड राखेसारखं झालं. मी त्याला कधी असं बघितलं नव्हतं. मला त्याची इतकी दया आली, की रडूच फुटलं.

"आमच्या घरी तसं एक करून द्याल?" बाईने विचारलं. "अडकणारं?"

मी तिच्यावर खेकसले, "अहो, दार कसलं मागताय? सोडा त्या मेल्याला!" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि आमचा दादा, तो काय म्हणाला असेल? "चौकटीचं माप लागेल."

साहेबाचा हात प्लॅस्टरमध्ये असताना, तो ऑफिसला गेल्याचं बघून तिने आम्हाला बोलावलं. दादाला एकट्याला पाठवायची माझी छाती नव्हती, म्हणून मीही त्यांच्या गावी गेले. घर कसं लखलखीत, चमचासुद्धा वाकडा नाही. दादाने जाड सागवानी दार बसवलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडं काम केलं आणि तेही इतकं नेटकं, की बघत राहावं. बाई आत उभी राहून दार ओढून बघत होती, तेवढ्यात साहेब घरी आला.

हातोड्यापासून लांब, भिंतीशी तो थांबला. दाराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि हॉटेलच्या काउंटरवर हसायचा तसा हसला.

"काम चांगलं करतोस," तो दादाला म्हणाला. "आता बाहेरूनही एक कडी लाव. भक्कम."

दादाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. बाई उंबऱ्यावर आली, तसा साहेबाने धड असलेल्या हाताने तिचा दंड पकडला. दादाने हातोडा उचलला. "थांबा," बाई म्हणाली. तिने त्याची बोटं दंडावरून सोडवली, चौकटीत दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने सगळा जोर लावून दार ओढलं. सागवान होतं. बोटं मोडली ती मी ऐकली. साहेब गुडघ्यावर आला आणि लहान पोरासारखा किंचाळला. तिने दार सोडलं, त्याला ओलांडलं आणि आम्हाला म्हणाली, "चला."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते.

"तुमच्या हॉटेलात कामाला माणूस लागतं का?" तिने विचारलं.

"हॉटेल फार वाईट आहे," दादा म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.