काटा चुकतो, हे त्यांनीच लिहून दिले

पोळ्याचा आदला दिवस: पहिला अर्ज. जबाबदार, परिवहन कार्यालयातले आवक लिपिक, ज्यांनी पोच नाकारली. घटस्थापनेनंतरचा सोमवार: स्मरणपत्र. जबाबदार, शाखेतले कनिष्ठ अधिकारी, ज्यांनी ते वाचले नाही. दिवाळीची सुटी संपली तो दिवस: सुनावणी. जबाबदार, लायसन निलंबित करणारे अधिकारी, ज्यांनी वाचले आणि उलटे वाचले. हा तपशील आधी मांडतो, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या भिकाजी गायके यांना तपशिलावाचून केलेली तक्रार ही नुसती शिवी वाटे.

भिकाजीराव माझे शेजारी. मूळचे सिल्लोड तालुक्यातले, मेंढपाळ घराण्यातले. नोकरी वाळूजच्या एका मोटारसायकल कारखान्यात, तपासणी विभागात. तिथे नवी गाडी फिरत्या रुळांवर उभी करून चाक जागच्या जागी पळवत आणि खरा वेग व काट्याने दाखवलेला वेग ताडून पाहत. "बापानं मेंढरं मोजली, म्या चाकं मोजली," असे ते सांगत. काटा थोडा जास्त दाखवत असेल तर गाडी पुढे जाई. किंचितही कमी दाखवला तर परत. "काट्यानं माणसाला भिववावं वकीलसाहेब, भुलवू नाय." मी न्यायालयातला निवृत्त लिपिक, वकील नव्हे, हे त्यांना अनेकदा सांगून पाहिले. "पत्रं तर वकिलाच्या वरताण लिव्हता की!"

निवृत्तीनंतरही महिन्यातून एका रविवारी ते स्वतःच्या गाडीचा काटा तपासत. सिल्लोडच्या रस्त्यावर, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ बांधून, किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत. एकदा मी मागे बसलो होतो. काटा चौपन्नवर स्थिर धरला; दुसरा दगड बाहत्तर सेकंदांनी आला. "बघा. काटा म्हणतोय चौपन्न, दगूड म्हणतोय पन्नास. दगडाला काय बढती पाहिजे व्हय? त्यो कशाला खोटं बोलंल?"

अशा माणसाला वेगमर्यादा मोडल्याची नोटीस आली. मर्यादा पन्नास, रस्त्यावरच्या यंत्राने एकसष्ट नोंदवले, लायसन तीन महिने निलंबित का करू नये, अशी विचारणा. नोटीस माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "काटा पन्नासवर व्हता. म्हंजी खरं सेहेचाळीस. ते यंत्र कुणी तपासलं, येवढंच इचारा."

मी अर्जात लिहिले, 'अर्जदाराच्या वाहनाचा काटा अचूक आहे.' त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले.

"हे खोडा."

"भिकाजीराव, काटा चुकतो असे आपणच लिहून दिले, तर ते त्याचाच फास करतील."

"करू द्या. नोकरीभर खोट्यावर सही नाय केली. आता लायसनपायी करू व्हय?"

मी ओळ खोडली आणि खरे ते लिहिले: काटा चौपन्न दाखवतो तेव्हा वेग पन्नास असतो.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी नेमकी तीच ओळ वाचली. "काका, तुम्हीच लिहिलंय, काटा चुकतो. मग विषयच संपला ना?"

"साहेब, चुकतो, पण वरच्या बाजूनं चुकतो. घड्याळ पुढं असलं म्हणून माणूस शाळंला उशिरा जातो काय?"

शिपाई हसला. अधिकारी हसले नाहीत. आदेशात आले: 'वेगदर्शक सदोष असल्याचे अर्जदाराने स्वतः मान्य केले आहे.' यंत्राच्या तपासणीविषयी एक अक्षर नाही, आणि लायसन तीन महिने निलंबित. जिन्यावर मी संतापाने बडबडत होतो, आणि धीर देत होते ते मला. "त्यांनी उलटं वाचलं. आपण तर सरळच लिव्हलं ना? चला, चहा घेऊ."

त्यानंतर त्यांनी गाडीला किल्ली लावली नाही. टायर एका जागी दबू नये म्हणून दर रविवारी ती हाताने ढकलत कॉलनीला फेरी घालत. वय झालेले, गाडी जड. मीच एकदा म्हणालो, "छावणीच्या बाजारापर्यंत तरी चालवा. कोण बघतो आहे?" कायदा मानणाऱ्या मी हे म्हणावे! ते घाम पुसत म्हणाले, "ढकलाया लायसन लागत नाय वकीलसाहेब. बसाया लागतं."

तिसरा महिना सरण्याआधी हृदयविकाराने ते गेले. लायसन कार्यालयाच्या कपाटातच होते. पाळी सुटल्यावर वाळूजहून कामगार थेट अंत्ययात्रेला आले, अंगावर कारखान्याचे कपडे तसेच. त्या गर्दीत उभा असताना मला दुःखाहून अभिमान अधिक वाटला. नोकरीत मी शपथपत्रांचे गठ्ठे हाताळले. आपल्याच विरुद्ध वापरले जाईल हे ठाऊक असताना सत्य लिहायला लावणारा पक्षकार मला एकच भेटला, आणि त्याचा अर्ज माझ्या हस्ताक्षरात आहे.

म्हणून आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी जाहीर मागणी आहे. ते यंत्र शेवटचे कोणी आणि कधी तपासले, आणि काटा जास्त वेग दाखवतो या कबुलीवरून सेहेचाळीसचे एकसष्ट कसे झाले, याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या नावाने वर्तमानपत्रात द्यावे. बंद पाकिटातले उत्तर मी स्वीकारणार नाही.