चाळीस दिवसांचा राग

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या वाट्याचा सगळा राग देवाने एकाच माणसाला देऊन टाकला असावा, आणि तो माणूस माझ्या पत्नीचा थोरला भाऊ आहे. जुन्नरमध्ये पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करून देण्याचं त्यांचं दुकान आहे. जळकी मोटार घेऊन आलेला शेतकरी तिथे आधी बोलणी खातो, मग चहा पितो. एकाने मुलगा झाल्याचे पेढे आणले. "मागं पोरगी झाली तवा काय तुझी मोटार जळली व्हती?" असं विचारून यांनी खोका परत केला. तो बिचारा दुसऱ्या दिवशी जिलबी घेऊन आला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आरोपीला चौकात फाशी द्या, असा संदेश कुणी फोनवर पाठवला, की हे पाठवणाऱ्याच्या दारात उभे. "तुला जीव देता येतो का? मंग घ्यायला कशाला निघालास, राव?" एकदा चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सेत, फादर शत्रूवर प्रेम करण्याविषयी बोलले. बाहेर पडताना यांनी त्यांना अडवलं. "फादर, दोस्तांचं काय करायचं ते सांगा. माझा ताप तिकडं हाये."

आम्ही कॅथलिक माणसं उपवासकाळात काहीतरी सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी तंबाखू. मेहुणे राग सोडतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस त्यांच्या तोंडून चढा शब्द निघत नाही. पण राग वाया जाऊ नये म्हणून ते तो एका डायरीत लिहून ठेवतात, आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मोटारसायकलवरून घरोघर पोहोचवतात. लोकांनाही त्याची सवय झाली आहे. "भाऊ, यंदा आमचं काय निघतंय?" असं चहावाला स्वतःहून विचारतो.

गेल्या वर्षी त्या डायरीत माझं नाव असणार, हे मला आधीच ठाऊक होतं. मी डिंगोऱ्याच्या बाजूला एका शाळेत शिकवतो. दहावीच्या वर्गातली एक मुलगी फेब्रुवारीअखेर यायची थांबली, आणि तिचे वडील लग्नाची पत्रिका घेऊन आले. तिची जन्मतारीख माझ्याच हजेरीपटात होती. सोळावंही पुरं झालेलं नव्हतं. "सर, स्थळ चांगलं हाये. पुन्हा मिळायचं न्हाई," वडील म्हणाले. मी म्हणालो, "परीक्षेनंतर बघता आलं असतं." एवढंच, आणि तेही हळू आवाजात. लोक माझ्या हळू आवाजाला सौजन्य म्हणतात. तो भित्रेपणा आहे, हे मला फार पूर्वीपासून माहीत आहे. एक फोन केला असता, तर ते लग्न थांबलं असतं. मी फोन केला नाही. मांडवात जाऊन बसलो. मुलीच्या वडिलांची मोटार मेहुण्यांकडेच दुरुस्त होत असे, म्हणून तेही शेजारी होते. मंगलाष्टकं झाली, मी अक्षता टाकल्या. मेहुण्यांनी मूठ उघडलीच नाही. चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी अक्षता खिशात घातल्या, डायरी काढून काहीतरी लिहिलं, आणि न जेवता उठले.

ईस्टरपूर्वी मी फादरांपुढे हे पाप कबूल केलं. त्यांनी प्रार्थना सांगितल्या, मी त्या म्हटल्या, आणि इतक्या स्वस्तात सुटल्याची मला लाज वाटली. म्हणून सोमवारी मेहुणे आले, तेव्हा मी जवळजवळ आतुरतेने समोर बसलो. मला ती बोलणी हवी होती. त्यांनी डायरी उघडली. पानात अक्षता चिकटलेल्या होत्या. "दाजी गप बसले," त्यांनी वाचलं, आणि थांबले. मग खालची ओळ वाचली, "मी बी."

त्यांनी डायरी मिटली. "चाळीस दिस राग गिळला म्हनून देवाफुडं मिरवत व्हतो, दाजी. ज्या दिशी ओरडायचं, त्या दिशी उपास सांभाळला. पोरगी गेली." मग उठले. "चला."

आम्ही घाटघरला तिच्या सासरी गेलो. तिने पाणी आणून ठेवलं आणि मला विचारलं, "सर, भूगोलाचा पेपर अवघड व्हता का?" मेहुण्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी सासूला म्हणालो, जुलैत फेरपरीक्षा आहे, तिला बसू द्या. "बसंल की. आमी कुठं नाय म्हन्लं?" त्या म्हणाल्या. फॉर्म मी भरला.

जुलैत भूगोलाच्या पेपरला मेहुणे सकाळपासून केंद्राच्या फाटकाशी उभे होते, खिशात तिच्यासाठी नवं पेन घेऊन. आधीच्या पेपरांना ती आली नव्हती. या एका पेपरला तरी येईल, असं त्यांना वाटत होतं. घंटा झाली, फाटक बंद झालं. मी तिच्या वडिलांना फोन लावला. "पाऊस लई हाये, सर. तिच्या सासरी लावणी चालली हाये," ते म्हणाले. त्यापुढे मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, एवढं आठवतं. खांद्यावर हात पडला तेव्हा मी गप्प झालो.

"हळू, दाजी," मेहुणे म्हणाले. "आत पोरं पेपर लिवत्यात."

यंदाच्या उपवासकाळात त्यांनी चहा सोडला आहे आणि त्यामुळे ते दुप्पट रागावतात. ते पेन अजून डायरीला अडकवलेलं असतं. त्याने ते काही लिहीत नाहीत.