उणे दोन, अधिक चार

कोणाचाही चष्मा हातात आला की काका तो आधी खिडकीपाशी नेत, हात लांब करून धरत आणि डावी-उजवीकडे हलवत. समोरचा विजेचा खांब काचेतून चष्म्याबरोबर सरकला तर नंबर उणे, उलट दिशेला पळाला तर अधिक. मग पेटीतलं विरुद्ध चिन्हाचं भिंग त्यावर ठेवून पुन्हा हलवत. खांब जागच्या जागी उभा राहिला की म्हणत, "झाली बेरीज. शून्य." दुकानात नंबर मोजायचं मशीन होतं, पण ते गिऱ्हाइकाच्या समाधानापुरतं.

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आमच्या मराठी लोकांचे ते चष्मेवाले काका, मूळचे नागपूरचे. गेल्या हिवाळ्यात ते वारले. माझे बाबा त्यांच्या शेजारच्या इंडियन ग्रोसरीत माल उतरवायचे, म्हणून शाळा सुटली की मी काकांच्या दुकानात बसायची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कुठेही मान वर करून सांगते. पण सातवीत इथे आले तेव्हा उणे तीन अधिक पाच म्हटलं की सरळ आठ लिहीत होते.

"काय करून राहिली बाई तू?" म्हणत काकांनी भिंगांची पेटी पुढे सरकवली. लाल कडेची उणे, काळ्या कडेची अधिक. "लाल तीनवर काळं पाच ठेव. खांब थांबवायला अजून काय लागते?"

मी बराच वेळ एकेक लावून पाहिलं. "लाल दोन."

"म्हणजे तुझ्यापाशी उरलं होतं काय?"

"अधिक दोन."

"मग आठ कुठून आणले? ग्रोसरीतून?"

आकड्याआधी चिन्ह मोठ्याने म्हणायचं, हा त्यांचा नियम. एकदा लॅबने अधिक दोनच्या जागी उणे दोनचं भिंग घासून पाठवलं, ते तपासायचं राहिलं, आणि मुलाकडे आलेल्या एक आजी तो चष्मा आठवडाभर मुकाट्याने घालत राहिल्या. विचारलं तर म्हणाल्या, "मला वाटलं, इकडे असंच दिसत असेल." सगळे हसले. काका हसले नाहीत.

मी ॲन आर्बरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना डॉक्टरांनी काकांना सांगितलं की डोळ्याचा पडदा मधोमध झिजतोय आणि यावर चष्म्याचा उपयोग नाही. काकू आधीच गेल्या होत्या. मुलगा कॅलिफोर्नियात. गाडीचं लायसन्स रिन्यू करायची वेळ आली होती आणि त्यात डोळ्यांची टेस्ट. "इथं गाडी नाही तर दुकान नाही," काका म्हणाले. "मग आहेच पोराच्या घरची एक खोली."

टेस्टच्या आदल्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. त्यांचा नंबर उणे दोन. त्या चष्म्यावर त्यांनी मला एकेक काळं भिंग धरायला लावलं.

"काळं चार लाव. किती झाले?"

"अधिक दोन."

त्यांनी पेपर जवळ घेतला, लांब नेला. अक्षरं मोठी झाली होती, मधला डाग तिथेच होता.

"बेरीज बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, काका."

"मग दिसत का नाही?" त्यांनी ते अगदी हळू विचारलं. मी भिंगं पुसून पेटीत ठेवत बसले.

लायसन्सच्या ऑफिसात आमच्या पुढच्या माणसाने मशीनमध्ये डोकं घालून ओळ वाचली. खणखणीत आवाज होता त्याचा. मी ऐकलं, काकांनीही ऐकलं. त्यांची पाळी आली. खिडकीतल्या बाईने तीच ओळ वाचायला सांगितली. तिचं लक्ष स्क्रीनकडे होतं. काकांनी पाठ झालेलं म्हणून टाकावं, असं मला मनापासून वाटत होतं. आजही मला त्यात पाप वाटत नाही.

काकांनी वाकून मशीनमध्ये डोकं घातलं. मग डोकं बाहेर काढून इंग्रजीत म्हणाले, "मला ती ओळ दिसत नाही."

बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचा चिखल झाला होता. सवयीने ते ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि दाराला हात लावून उभे राहिले. मी दुसऱ्या बाजूला थांबले. मग किल्ली काढून त्यांनी टपावरून माझ्याकडे सरकवली, आणि बॉनेटला हात लावत लावत, पुढून वळसा घालून, माझ्या बाजूला आले.