ज्याची हरकत असेल त्याने यावे

"म्हणजे काय?" असं विचारताना ते मान डावीकडे कलती करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. समोरच्याला वाटायचं, वकिलांना डुलकी लागली. डुलकी कसली! उत्तर आल्याशिवाय ते डोळे उघडत नसत, आणि बहुतेकांना उत्तर येत नसे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याच्या शेजारी बसायचं आपण चारचौघांत टाळतो. गडचिरोलीच्या कचेरीत आम्ही सगळे या वकिलांना टाळायचो. हॉटेलवाल्यानं "पेशल चहा" म्हटलं, की यांचं सुरू, "पेशल म्हणजे काय?" तो बिचारा आल्याचा तुकडा जास्त टाकून सुटका करून घ्यायचा. सख्ख्या पुतणीच्या सोयरिकीत मुलाकडचे म्हणाले, "आमचा पोरगा सुस्वभावी आहे." यांनी डोळे मिटले. मुलाच्या बापानं बायकोकडे पाहिलं. शेवटी आई फणकारली, "म्हंजे घरात भांडत नाई!" यांनी डोळे उघडून विचारलं, "आणि बाहेर?" सोयरीक तिथंच मोडली.

वकिली अर्थातच यथातथा. पक्षकार रडत यायचा, माझ्यावर जुलूम झाला म्हणायचा, आणि जुलूम म्हणजे काय ते सांगता सांगता त्याचं रडं आटून जायचं. मग तो शेजारच्या वकिलाकडे जायचा.

मी तेव्हा जंगलाच्या चौकशीवर नेमलेल्या साहेबांचा पेशकार होतो. पुकारा करायचा, साहेबांपुढे कागद ठेवायचे, जबाब लिहून घ्यायचे, हे माझं काम. गडचिरोलीसकट आपला चांदा जिल्हा त्या काळी मध्य प्रदेशात होता. साहेब जबलपूरकडचे, मराठी कामापुरती. मालगुजारी, म्हणजे जमीनदारांची मालकी, जाऊन जंगलं सरकारकडे आली होती, आणि जाता जाता मालगुजारांनी जी कुऱ्हाड चालवली होती, ती पाहून साहेबांचं पित्त खवळलेलं असायचं. "अब जो बचा है, वो तो बचाना है," असं ते म्हणत. त्यांचं काही चुकत नव्हतं.

कायदा असा होता की जंगल राखीव करण्याआधी आसपासच्या गावांत मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायची, लोकांचं म्हणणं ऐकायचं, मग हद्द घालायची. मुदतीत जो आला नाही, त्याचा हक्क संपला. चामोर्शीच्या पुढच्या एका गावातून कोणी म्हणजे कोणी आलं नाही. कागदावर 'कोणाचीही हरकत नाही' असा शेरा पडला आणि आम्ही पुढच्या गावाला लागलो.

मोहफुलं गळायला लागली तेव्हा त्या गावच्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या. जंगलाच्या तोंडाशी जंगल खात्याचा नाकेदार काठी आडवी धरून उभा! त्या गावात कोठीतलं धान पावसाळ्यात संपायचं. मग नवं धान हाती येईपर्यंत वाळवलेल्या मोहफुलांवर घर चालायचं. टोपली रिकामी परतली तर पुढचा पावसाळा उपाशी जाणार होता. बाया गडचिरोलीला आल्या, दोन-तीन वकिलांनी मुदत गेली म्हणून हात झटकले, आणि त्या आमच्या या गृहस्थांच्या ओसरीवर येऊन बसल्या.

यांनी अर्ज लावला. मुदतीत न येण्याला पुरेसं कारण असेल तर अजून ऐकता येतं, अशी सोय कायद्यात होती. कारण यांनी मनाशी ठरवलेलंच होतं, गावात मुनादी झालीच नाही.

शाळेच्या पडवीत साहेबांचा कॅम्प होता. पहिली साक्ष एका म्हातारीची.

"मुनादी सुनी थी?" साहेबांनी विचारलं.

"आयकली ना! कोतवाल कितीक वेळ डफडं बडवून राह्यला होता."

झालं! अर्ज तिथंच पालथा पडला. जंगल खात्याचा माणूस मिश्यांत हसला. "तो आए क्यों नहीं?" साहेब म्हणाले.

म्हातारीनं वकिलांकडे पाहिलं. वकिलांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मान कलती केली.

"बाई, कोतवाल काय म्हणाला?"

"ज्याची हरकत असन त्यानं सायबापुढं हाजिर व्हाव, असा म्हने."

"हरकत म्हणजे काय?"

म्हातारीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढा शिकला आणि हे काय विचारतो. "म्हंजे का? हरकत म्हंजे हरकत! लाकडं चोरनं, आगी लावनं. आमी काईच हरकत नाई केली सायेब, मंग काऊन येऊ? ज्यानं केली असन तो येईन."

मागे बसलेले सगळे माना डोलावू लागले. एकजण उठून म्हणाला, "आमच्या गावात कोनीच नाई केली, देवाशप्पत!"

मला हसू आवरेना. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांच्या हिंदीतही हरकत म्हणजे आगळीकच ना! "वकीलसाहब," त्यांनी हळू विचारलं, "मराठी में हरकत माने?"

"आक्षेप, साहेब. पण या गावात तुमचाच अर्थ चालतो."

जंगल खात्याचा माणूस तडक उभा राहिला. आवाज कानावर पडला की नोटीस लागू झाली. आज यांना शब्द कळला नाही, उद्या सगळा जिल्हा हेच म्हणेल, मग एकही झाड राखता येणार नाही, असं तो बोलला. वकील म्हणाले, "विचारलं काय तेच कळलं नाही, तर यांनी उत्तर दिलं असं धरायचं तरी कसं?" साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि दुसरी मुनादी द्यायचा हुकूम केला. गावच्या बोलीत लिहा म्हणाले.

त्याच पडवीत आम्ही ती लिहिली. वकील प्रत्येक शब्द म्हातारीपुढे ठेवायचे, ती नाक मुरडायची, की तो शब्द बाद. शेवटी उरलं ते इतकंच: "ह्या जंगलातून तुमी जे आनता ते बंद होनार हाये. बंद नाई व्हाव असा वाटत असन, तं येऊन सांगा."

आणि आले की हो लोक! अख्खं गाव लोटलं, लेकुरवाळ्या बाया, काठी टेकत म्हातारे. कोण कुठल्या झाडाखालची फुलं वेचतो, गुरं कोणत्या वाटेनं पाण्यावर नेतो, सगळं सांगत सुटले. वकिलांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. पडवीच्या खांबाला टेकून ते ऐकत होते आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मी तोंड फिरवून पुढचा जबाब लिहायला घेतला.

हुकमात मोहफुलं, टेंभराची फळं, पडलेलं लाकूड आणि पाण्याची वाट गावाला राहिली. उभ्या झाडाला कुऱ्हाड मात्र बंद झाली. त्यावर काही जण कुरकुरले, तर वकील त्यांच्यावरच डाफरले, "साहेबांचं बरोबर आहे!" असा हा वकील!

पुढे आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि साहेब जबलपूरला. वकील हिवतापानं गेले. कोर्टात दोन शब्द बोलले गेले, मग पुढचा पुकारा झाला.

काही वर्षांनी मोहाच्या दिवसांत त्या बाजूनं जाताना मी जीप थांबवली. एक तरणी बाई फुलं वेचत होती. राहवलं नाही, तिला वकिलांचं नाव सांगितलं.

"कोन?"

"अवं, तुमचं मोहफूल बंद होनार होतं ना, तवा ते भांडले होते."

ती खदखदून हसली. "मोहफूल कोन बंद करन, भाऊ? झाड टाकते, आमी उचलतो."

माझा जीव चडफडला. सगळं बसून सांगावं, असं वाटलं. पण तिची टोपली अजून अर्धीच होती आणि ऊन चढत होतं. ती पुन्हा वाकली. मी गाडीकडे वळलो, तेव्हा वकिलांची फार आठवण आली.