वायर काढलेली गिटार

थळला हळदीच्या बँडमध्ये जाड तारांची बेस गिटार वाजवणारा एक माणूस मी तीस वर्षं पाहिला. नाव कधी विचारलं नाही. डोळे मिटून, मान खाली घालून वाजवायचा. गेल्या वर्षी त्याच्या गिटारची वायर नुसतीच लोंबकळत होती.

"वायर सुटलीय रे तुझी," मी म्हटलं.

"सुटली न्हाय मावशी, मास्तरनी काढलीय. बेस आता कीबोर्डमधनंच येतो."

"मग बोटं कशाला हलवतोस?"

"बँड भरलेला दिसाय पायजे ना. तेवढ्यासाठी तरी बोलावतात."

यंदा माझ्या नातीच्या हळदीला तोच बँड आला. त्याच्या जागी रंगीत दिव्यांचा खांब उभा होता. गाण्यात मला काहीच कमी वाटलं नाही.